निळ्या टबाचा अर्थ

१२ मे, सोमवार. सकाळी ७
आजपासून रोजनिशी. घरात माझं कुणी ऐकत नाही, त्यामुळे वहीला पर्याय नाही.

वस्तुस्थिती अशी. माझी एकुलती मुलगी स्वरदा, वय सतरा, नुकतीच बारावी दिलेली, गेले पंधरा दिवस माझ्याशी बोललेली नाही. काही हवं असलं तर आईला म्हणते, 'त्यांना सांग.' 'त्यांना' म्हणजे मला. पंख्याला ती निदान पंखा म्हणते.

कारण शोधलं. सापडलं नाही. २७ एप्रिलला रविवार होता. परीक्षा संपली की वह्या रद्दीत, हा आमच्या घराण्याचा रिवाज. माझ्या वडिलांनी माझ्या दिल्या, मी हिच्या दिल्या. तिच्या खोलीतला कपाटामागचा गठ्ठासुद्धा सोडला नाही. भोंगेवाल्या रद्दीवाल्याशी पाऊण तास हुज्जत घालून बदल्यात मोठा निळा टब मिळवला. नळाला पाणी आठव्या दिवशी येणाऱ्या गावात टब म्हणजे जहागीर. कुणी शाबास म्हटलं नाही. उलट त्याच संध्याकाळपासून पोरीनं मौन धरलं. दोन्हींचा अर्थातच संबंध नाही.

कालिंदी (पत्नी) म्हणते, तिलाच विचारा. मी का विचारू? बाप कोण आहे या घरात?

१४ मे, बुधवार
पाण्याचा दिवस. पाच वाजता नळ आला, मी टब अंगणात मांडला. स्वरदानं सगळ्या बादल्या भरल्या, घागर भरली, कुकरसुद्धा भरला. टबाला हात लावला नाही. वळसा घालून गेली. आळस! ओरडलो. ऐकू न आल्यासारखी आत गेली.

शेजारच्या गोजरबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काय ओ सर, पोरगी लईच गप गप ऱ्हाती. नजर काढा." बाईंनी आपली मोटार बघावी. आमचं पाणी ओढते.

१६ मे, शुक्रवार. दुपार
मूळ सापडलं. जपान!

पोर दिवसभर एक जपानी कार्टून मालिका बघते. नाव तीन ओळींचं आहे, मी पाठ केलेलं नाही. पहिला भाग बघितला. एक मुलगी, नाव नाओ, बाराव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत मोठी होत जाते. बारा भाग. मारामारी नाही, राक्षस नाहीत. नुसत्या वस्तू. छत्री ठिबकत राहते, दीड मिनिट. संतापजनक.

पण मी बावीस वर्षं ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवतो. 'प्रतीके ओळखा, गुण मिळवा' हे गाईड माझं. पलंगाखाली उरलेल्या सगळ्या प्रती एप्रिलअखेर संपल्यासुद्धा. कशा खपल्या कळलं नाही, पण मागणी आहे. तर प्रतीकाशी गाठ असेल तर ती माझ्याशी आहे.

संकल्प: बाराही भाग बघणार. वस्तूंचा अर्थ लावणार. आमच्या वाचक मंडळात त्यावर निबंध वाचणार, स्वरदाच्या देखत. तिला कळेल की तिचा बाप तिच्या जगात तिच्यापेक्षा खोल उतरला आहे. रडेल. बोलेल.

१९ मे, सोमवार
चार भाग झाले. अर्थ असे. छत्री: मध्यमवर्गाची असुरक्षितता. डब्यातलं अर्धं उरलेलं अंडं: महायुद्धोत्तर जपान. दाराबाहेर काढलेले बूट: मोक्ष. सायकलची घंटी: हिच्यावर सहा पानं होतील.

कालिंदीमार्फत स्वरदाला कळवलं. कालिंदीमार्फत उत्तर आलं, "ती म्हणते, अंड्याचं कारण पोटात दुखत होतं. आधीच्याच प्रसंगात सांगितलंय." वरवरचं वाचन. ही पिढी अशीच.

कालिंदी पुण्याचं कॉलेज, मुलाखत, वीस चित्रं, जूनअखेर असं काहीतरी सांगत होती. घंटीचा प्रसंग चालू होता. हो म्हणालो.

२२ मे, गुरुवार
पाण्याचा दिवस. टबावर पुन्हा बहिष्कार. मीच भरला, कंबर धरली. स्वरदा खिडकीतून टबाकडे बघत होती. माझ्याकडे नव्हे, टबाकडे! अशा नजरेनं आपण फक्त उधारी बुडवणाऱ्याकडे बघतो.

हल्ली तिच्या खोलीचं दार दिवसभर बंद. आतून पेन्सिलीची कुरकुर. अभ्यास असावा. बारावीनंतर कसला अभ्यास, हे विचारायचं राहिलं. 'त्यांना सांग'मार्फत तरी कसं विचारणार?

२५ मे, रविवार
निबंधासाठी कोरे ताव आणायला गुलमंडीच्या बाजारात. ऊन असं की डांबर चपलेला सोडेना. दुकानदार म्हणाला, ताव कोण घेतं आता? मी घेतो! आवाज चढला. ताव मिळाले नाहीत.

चिडून फुटाणेवाल्या सांडूकडून खारे फुटाणे घेतले. पुडीचा कागद जाड, त्यावर पेन्सिलीचं चित्र. एक माणूस खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलाय, पोटावर वर्तमानपत्र, बनियनला भोक, चष्म्याच्या काडीला दोरा. खाद्यपदार्थ असल्या कागदात! सांडूला झापलं. तो म्हणाला, "सर, कागद बघून फुटाणे कोन खातं? खाऊन बघा की." चित्र मात्र हुबेहूब उतरलंय. कोण हा गृहस्थ कोण जाणे, पण बघताक्षणी कळतं की घरात याचं कुणी ऐकत नसणार. मूर्ख दिसतो. खूण म्हणून निबंधाच्या वहीत ठेवलं.

२८ मे, बुधवार
नववा भाग. संतापून लिहितोय, अक्षर वाईट आलं तर त्याला कारण आहे.

नाओकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो. पहिल्या भागापासून त्यात ती काहीबाही जपते: पानं, तिकिटं, एक दात. आणि तिचा तो बाप, तो गाढव, सुट्टीच्या दिवशी घर आवरायला काढतो आणि डबा भंगारात देऊन टाकतो. न विचारता! वर हाश्शहुश्श करत चहा पितो. घर कसं मोकळं झालं म्हणतो. मुलगी दारात उभी. बोलत नाही. भाग संपला तरी नाही. आणि ह्या बैलाला वाटतं, वयच तसं आहे!

टीव्हीसमोर उभा राहून ओरडलो, अरे विचारायचं तरी! पाच वर्षं ज्यात पोरीनं जीव ठेवला, तो तू उघडूनसुद्धा बघितला नाहीस? कालिंदी स्वयंपाकघरातून आली, म्हणाली, "अहो, तुम्हाला खरंच दिसत नाही का?" दिसतंय म्हणून तर ओरडतोय!

या डब्यावर अकरा पानं लिहिली. बापावर चार, तीही सौम्य करून.

३० मे, शुक्रवार
पाणी आलं. टब मी भरला. नेहमीचंच.

३ जून, मंगळवार
अकरा भाग पूर्ण. रिचार्ज संपला. बारावा बघणार नाही. मुरलेल्या समीक्षकाला शेवट बघावा लागत नाही.

वाचक मंडळाचे अध्यक्ष धम्मपाल सर यांनी रविवारची तारीख दिली. फोनवर म्हणाले, "जपानी कार्टूनवर? तुम्ही? या, या. चहा आहे." या 'या, या'चा अर्थ मला कळतो. दाखवतोच.

८ जून, रविवार. संध्याकाळी ६
बाहेर जाण्यापूर्वी सकाळी लिहिणार होतो की आज इतिहास घडेल. वेळ मिळाला नाही. बरं झालं.

श्रोते अकरा. त्यात स्वरदा, मागच्या रांगेत, कालिंदीनं आणलेली. छत्रीपासून सुरुवात केली. दोघे झोपले. मोक्षापर्यंत तिसरे. पण डब्याशी आलो आणि आवाज लागला. म्हणालो, वस्तू मुकी असते पण बहिरा असतो बाप. म्हणालो, असा माणूस जगातल्या सगळ्या छत्र्यांचा अर्थ लावील आणि स्वतःच्या घरात आंधळा फिरेल. झोपलेले जागे झाले. टाळ्या पडल्या. स्वरदा खाली बघत होती. साधलं, म्हटलं.

मग धम्मपाल सरांनी चष्मा पुसत विचारलं, "त्या बापाला शेवटी कळतं का हो?" मी म्हणालो, दिग्दर्शकानं ते जाणीवपूर्वक संदिग्ध ठेवलं आहे. मागून आवाज आला. "कळतं, सर. बाराव्या भागात. यांनी अकराच बघितलेत."

बेचाळीस दिवसांतलं पहिलं वाक्य, तेही धम्मपाल सरांना. सभागृह हसलं. सर चहाला जाताना मला म्हणाले, "मुलगी तयार आहे तुमची. गाईड तिच्याकडून लिहून घ्या." अंगाचा तिळपापड झाला.

वही मिटताना खुणेचा कागद खाली पडला. स्वरदानं उचलला. बघितला. पांढरी पडली. तो मुठीत घेऊन बाहेर. माझी खूण! परवानगी न घेता कुणाची वस्तू नेणं याला काय म्हणतात? आत्ताच तर दीड तास सांगितलं!

घरी आल्यावर तिनं काय करावं? फुटाण्याच्या कागदाला इस्त्री. वरून रुमाल ठेवून, हळूहळू, मागे-पुढे. भर उन्हाळ्यात, वीज जाळून. आता मात्र विचारणारच.

९ जून, सोमवार
विचारलं. कालिंदीला.

ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली. म्हणाली, कपाटामागच्या गठ्ठ्यात तिच्या चित्रांच्या सात वह्या होत्या. सातवीपासूनच्या. पुण्याच्या मुलाखतीला त्यातलीच वीस न्यायची होती. आता पोर दार लावून नवी काढतेय, बारा झालीत. मी म्हणालो, मग मला कुणी सांगितलं का नाही? कालिंदी म्हणाली, "चार वेळा सांगितलं. एकदा तुम्ही हो म्हणालात."

मग म्हणाली, "आणि चष्म्याला दोरा अजून तसाच आहे तुमच्या."

आरशात बघितलं. बनियनही बघितलं.

टब अंगणात आहे. निळा. फार निळा आहे.

१० जून, मंगळवार
रिचार्ज केला. बारावा भाग. तो गाढव भंगाराच्या ढिगात दिवसभर शोधतो. काही मिळत नाही. रिकाम्या हातानं येऊन उंबऱ्याबाहेर बसतो. मुलगी त्याचे बूट उचलून आत ठेवते. संपलं. मोक्ष वगैरे काही नाही. बूट आत, एवढंच.

बुळा बाप. मी रिकाम्या हातानं येणार नाही. आम्ही जपानी नाही.

१४ जून, शनिवार. दुपारी ४
सकाळी सहालाच गुलमंडी गाठली. पाण्याचा दिवस उद्या, त्यामुळे निर्धास्त. सांडू नुकताच टोपली मांडत होता. तो जाड कागद कुठंय? सांडू म्हणाला, "तो व्हय? लई झक्कास पुडी बसायची त्याची. संपत आला सर. आता हा पातळ आलाय, चुरचुर फाटतो." मी विचारलं, चित्रं असलेल्या पुड्या कोणत्या? म्हणाला, भरताना कोण बघतंय, पुडी वळल्यावर आतलं काय दिसतं? उघडून बघू देईना. माल सांडतो म्हणे.

सगळी टोपली घेतली. शंभरावर पुड्या. माणसं थांबून बघत होती. एक जण म्हणाला, "सर, घरी बारसं हाय का?" त्याला जे बोललो ते इथं लिहिणार नाही.

घरी आलो. फुटाणे ठेवायला भांडं म्हणून टबच दिसला. अंगणात बसून एकेक पुडी सोडली. पहिली: 'प्रश्न ३ रा. खालीलपैकी कोणतीही दोन प्रतीके स्पष्ट करा.' माझं गाईड. दुसरी: माझं गाईड. तिसरी: प्रस्तावना, 'विद्यार्थी मित्रहो'. गाईडला मागणी कशी आली ते आज कळलं. कालिंदी म्हणाली, तुम्ही रद्दी काढतच होतात, पलंगाखाली झुरळं झाली होती. वर म्हणाली, टबाला वजन कमी पडत होतं ना?

शंभर पुड्यांत चित्र एक. तेही अर्धं: मोटारीच्या बटणावर ठेवलेला कालिंदीचा हात, बांगडीसकट. बाकीची कालिंदी कुणीतरी फुटाण्यांबरोबर खाल्ली.

तेवढ्यात कुंपणावरून गोजरबाई: "सर, पानी येऊन गेलं की ओ सकाळी! एक दिस आधीच आलं. मोटार नाय लावली व्हय?" सकाळी कालिंदी देवळात, मी गुलमंडीत, स्वरदानं बादल्या भरल्या. मोठं भांडं एकच, ते तिनं कोरडंच सोडलं, आणि त्यात आता खारे फुटाणे. आता पाणी आठ दिवसांनी. ओरडायला तोंड उघडलं. कुणावर ओरडायचं ते ठरेना.

स्वरदा दारात आली. टब बघितला. पुड्यांचा ढीग बघितला. मी अर्धं चित्र पुढे केलं. म्हणालो, एवढंच मिळालं. आणखी काहीतरी म्हणणार होतो, निबंधातलं चांगलं वाक्य होतं, आठवलं नाही.

तिनं चित्र घेतलं. टबातून मूठभर फुटाणे घेतले. पहिल्यांदा हात लावला टबाला. खाल्ले.

"मीठ कमी आहे," म्हणाली. कालिंदी आत गेली होती. म्हणजे मलाच म्हणाली.

याचा अर्थ काय, ते लावायला ही वही घेऊन खुर्चीत बसलो. ती समोर पायरीवर बसली आहे. मांडीवर नवी वही. एक डोळा मिटून माझ्याकडे बघते आहे, टबाकडे नाही. आठ चित्रं अजून कमी आहेत म्हणे.

"बाबा, हलू नका."

लिहिताना हात हलतो. सबब