यादीतून गाळलेलं गाव

राहाता,
६ जानेवारी २०२५

चि. राधाकृष्ण यास, अ. उ. आ.

तू कुशल असशील असं धरून चालते. माझं विचारू नकोस, तळपायाची आग मस्तकात गेली आहे. फोनवर मी ओरडते आणि तू नुसतं हं हं करतोस, म्हणून हे पत्र. निदान शेवटपर्यंत ऐकून तरी घेशील.

आपल्या गोदा-मुळा क्रीडा मंडळातल्या सहा कॉलेजांपैकी दोन बाहेर पडली, हे तुला ठाऊकच आहे. डिसेंबरात खो-खोच्या उपांत्य सामन्यात अध्यक्ष बिभीषणरावांच्या कॉलेजच्या मुली हरल्या. साहेबांनी मैदानावर फोन करून पंचांचा निकाल रद्द करायला लावला आणि दुसऱ्या दिवशी सामना परत खेळवला. जिंकलेल्या मुली मैदानातच बसून रडल्या रे! त्यांचं कॉलेज त्याच आठवड्यात मंडळ सोडून गेलं आणि पाठोपाठ शेजारचंही गेलं. आणि आता पेपरात काय छापून आलंय? सचिवांच्या मनमानीमुळे मंडळ फुटलं म्हणे! सचिव कोण, तर तुझी बहीण.

पंधरा वर्षं मी मैदानं आखली, स्वतःच्या हातानं चुन्याची फक्की टाकली, मुलींच्या सुजलेल्या घोट्यांना बर्फ लावला. साहेब येतात ते बक्षीस वाटायला, तेही जेवणाची वेळ साधून. पंचवीस तारखेच्या सभेत सगळं खापर माझ्यावर फोडून मला काढायचं ठरलंय. मे महिन्यात मी नोकरीतून निवृत्त होतेय. हा डाग घेऊन घरी बसू का? तू प्राचार्य आहेस, सभेत तुझ्या शब्दाला वजन आहे. उभा राहा आणि खरं ते सांग, एवढंच मागणं.

सौ. अंबिकेला आशीर्वाद, आणि हुलगे संपले म्हणावं. लोभ आहेच, या खेपेला तो चारचौघांत दिसावा.

तुझी,
पुष्पावतीताई

जांभूळखेडे, ता. पारनेर,
१० जानेवारी २०२५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अंबिका म्हणाली, आधी चहा घ्या, मग लिहायला बसा. हुलगे तिनं बांधून ठेवले आहेत.

सामना परत खेळवला हे पाप बिभीषणरावांचंच, आणि ते मी सभेत सांगेन. पण सामना परत खेळवण्याच्या नोटिशीवर सही तुझी आहे, ताई. वरून फोन आला म्हणून केलीस, हे मी जाणतो. तरी सही करण्याआधी नाही म्हणायला काय झालं होतं? घरात तर कुणाचं ऐकत नाहीस.

आता जे लिहितो त्यानं तू चिडणार. मंडळातून बाहेर पडत असल्याचं तिसरं पत्र एक-दोन दिवसांत मंडळाच्या पत्त्यावर येईल, ते आमच्या कॉलेजचं आहे, आणि त्यावर सही माझी आहे. त्या सामन्याशी त्याचा काही संबंध नाही. स्पर्धा दर वर्षी वेगळ्या कॉलेजात होतात, सहा वर्षांनी प्रत्येकाचा क्रम येतो. २०१२ साली आमचा होता. दुष्काळ होता, गाव टँकरवर जगत होतं, तू आमचं नाव गाळलंस ते बरंच केलंस. पण २०१८ सालीही गाळलंस, आणि यंदाही.

बारा वर्षं आमच्या मुली जीपमध्ये दाटीवाटीनं बसून परगावी खेळायला जातात. आमची कर्णधार संस्कृती, तिची आई बनुबाई परवा मला म्हणाली की पोरगी लई पळती म्हनत्यात, पन आमी कवा पाह्यलंच न्हाई. बाहेर पडलेल्या दोन्ही कॉलेजांनी नवं मंडळ काढलंय आणि पहिल्या स्पर्धा आमच्याकडे दिल्या आहेत.

रागाव, पण बोलणं टाकू नकोस, एवढी माया ठेव.

तुझा,
राधाकृष्ण

राहाता,
१४ जानेवारी २०२५

राधाकृष्ण यास,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही. वा रे भाऊ! मी आधार मागितला आणि तू साहेबांच्या हातात आयतं कोलीत दिलंस. सख्खा भाऊसुद्धा हिला सोडून गेला, असं आता ते सभेत मिटक्या मारत सांगतील.

टँकरच्या पाण्यात तुमच्याकडे येणाऱ्या मुलींच्या अंघोळीचे हाल नकोत म्हणून मी नाव गाळलं होतं. तेव्हा तूच आभार मानले होतेस! कपाटातून स्पर्धांच्या क्रमाची जुनी यादी काढून पाहिली. २०१८ ची यादी मी २०१२ च्या यादीवरूनच उतरवली आणि यंदाची तिच्यावरून, तुमचं नाव त्यात नव्हतं, आलं नाही. त्यात माझा एवढा काय गुन्हा?

आज संक्रांत. तिळगूळ अंबिकेसाठी पाठवतेय, तुझ्यासाठी नाही.

पुष्पावती

राहाता,
२६ जानेवारी २०२५

चि. राधाकृष्ण यास, अ. उ. आ.

काल तू सभेला आलास, आणि तुम्ही आता मंडळात नाही म्हणून तुला दारातूनच परत पाठवलं, हे मला सभा संपल्यावर कळलं. उन्हातान्हात आलास, पाणीसुद्धा न पिता गेलास. आत काय झालं ते आता माझ्याकडूनच ऐक.

बिभीषणरावांनी ठराव वाचला की तिन्ही कॉलेजं सचिवांमुळे गेली. मी उभी राहिले. म्हटलं, दोन तुमच्या फोनमुळे गेली. त्या नोटिशीवर मी सही करायला नको होती, केली, ती माझी चूक. तिसरं मात्र एकट्या माझ्यामुळे गेलं, त्यात साहेबांचा काडीचा दोष नाही. बारा वर्षं एका गावाला मी हक्काच्या स्पर्धा दिल्या नाहीत, आणि वर उपकार केल्याच्या तोऱ्यात राहिले. साहेब तेवढे हसले, त्यांना वाटलं मी हरले. ठराव झाला, मला काढलं.

पण सभेचं इतिवृत्त सचिवानं लिहायचं असतं, आणि सभा संपेपर्यंत सचिव मीच होते. बोललेलं सगळं जसंच्या तसं लिहिलं, फोनसकट आणि माझ्या चुकांसकट. साहेबांनी सही करायला नकार दिला. आजवर सभेत तोंड न उघडलेल्या छगन सरांनी पेन मागून घेतलं आणि सही केली. त्यांच्यामागून आणखी एकानं केली. डाग राहिलाच रे, पण माझ्या वाटणीचा तेवढाच.

तुझं पत्र मागे घेऊ नकोस. मुलींना आपल्या गावात खेळू दे, आणि त्यांच्या आयाबायांना सांग, चूक प्राचार्यांच्या बहिणीची होती.

तुला मात्र मी इतक्यात सोडणार नाही. बारा भाऊबीजा झाल्या. दर वर्षी माझ्या पाटावर बसलास, ओवाळून घेतलंस, पोटभर जेवलास, आणि एकदाही म्हणाला नाहीस की ताई, आमचं नाव राहिलंय. मी एवढी का रे भीतीदायक होते, की माझ्या पाठच्या भावाला मला सांगायला मंडळाचा पत्ता लिहावा लागला?

लोभ तुटायचा नाही, रागही लवकर जायचा नाही. दोन्ही सांभाळून घे.

तुझी,
ताई