सांडव्यावरचा ओटा

माधव नगर, उज्जैन
३ जुलै २०२५

ती. स्व. माणिककाकांना श्रुतीचा सा. न. वि. वि.

दोनदा तुम्ही फोन कापलात, म्हणून लिहिते.

परवाच्या पावसात जुन्या नहरीचं पाणी काठावरून खालच्या बस्तीत शिरलं. रमेशभैयांची मागची भिंत पडली. त्यांच्या आईला खाटेसकट उचलून बाहेर काढलं. दोष पावसाचा नाही, आपल्या ओट्याचा आहे. गेल्या वर्षी तुम्ही तो बांधलात तिथे काठ हातभर बुटका आणि दगडी होता. बसायलाच जागा सोडल्यासारखी वाटते, असं तुम्ही म्हणाला होतात. काका, तो सांडवा होता. नहर भरली की जास्तीचं पाणी तिथून आपसूक नाल्यात उतरायचं. फाटक नको, चौकीदार नको. आपण तो विटांनी बुजवला आणि वर टाइल लावल्या.

ओटा काढावा लागेल. बस्तीवाले तुमच्या होकाराशिवाय हात लावणार नाहीत. अण्णांना विचारलं, तर त्यांनी पेपर आणखी वर धरला.

तब्येत जपावी. रागावलात तरी लोभ आटू देऊ नये.

तुमची
श्रुती


देवास
७ जुलै २०२५

चि. श्रुतीस आशीर्वाद.

घरात पहिली डिग्री आली तेव्हा पेढे मीच वाटले होते. ती पहिल्यांदा काकावरच चालेल हे माहीत नव्हतं. देवासला लेकीकडे येईपर्यंत अकरा वर्षं मी रोज त्या काठाने फिरलो. तिथून थेंब सांडलेला पाहिला नाही.

रमेशचं वाईट वाटलं. पण बस्तीत पाणी शिरायचं ते तुझ्या जन्माआधीपासून. दुसरीकडे काठ फोडा, नवा सांडवा करा. इंजिनिअर आहेस ना?

तो तुझ्या उषाकाकूचा ओटा आहे. तिच्या नावाची पाटी आहे त्यावर. मोहल्ल्यातल्या बायका संध्याकाळी तिथे टेकतात, तिची आठवण काढतात. त्याला हात लावायचा नाही.

अलकाने तुझ्यासाठी मेतकूट केलं आहे. डोकं थंड झालं की कळव, पाठवतो.

तुझा
माणिककाका


उज्जैन
११ जुलै २०२५

ती. स्व. काकांना सा. न.

मेतकूट नको.

अकरा वर्षं थेंब सांडला नाही, कारण नहर वरपासून गाळाने भरलेली होती, इथवर पाणीच पोचत नव्हतं. या वैशाखात ती साफ झाली आणि पाणी पुन्हा आलं. मातीचा काठ दुसरीकडे फोडला तर पाणी ती फट रुंदावत नेईल आणि सगळा काठ घेऊन जाईल. दगड तिथेच आहे, खाली नालाही तिथेच आहे. ज्यांनी बांधलं त्यांना एवढं कळत होतं. आपल्याला बसायला जागा दिसली.

रमेशभैया नमस्ते दीदी म्हणाले आणि विटा वेचत राहिले. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एकवीस तारखेला, सोमवारी, नगर निगमात ओटा काढण्याचा अर्ज देणार आहे. सांडवा कुणी बुजवला, तिथे तुमचं नाव लिहीन आणि त्याखाली माझं. ओट्याच्या पूजेला नारळ मीच फोडला होता. डिग्री तेव्हाही होती काका, पण मी खाली वाकून पाहिलं नाही.

श्रुती


देवास
१५ जुलै २०२५

चि. श्रुतीस आशीर्वाद.

दोन पत्रं लिहिलीस. दगड, गाळ, नाला सगळं आलं. काकूचं नाव एकदाही नाही. तुझ्या कॉलेजच्या फॉर्मवर अण्णा सही करेना, तेव्हा ती दिवसभर न जेवता तुमच्या दारात बसली होती. ओटा तोडायला सांगायचं होतं, तर तिचं नाव घेऊन सांगायचं होतंस. मी पहिल्याच पत्राला हो म्हटलं असतं. कदाचित नसतंही म्हटलं.

रमेशच्या आईने उषाला शेवटचं न्हाऊ घातलं होतं. तिला खाटेसकट उचलावं लागलं, ते तुझं वाक्य रोज काढून वाचतो.

अर्ज दे. माझं नाव राहू दे, तुझं खोड. नारळ तुझ्या हातात मी दिला होता. रविवारी सकाळच्या बसने येतो. मजूर सांगून ठेव, पण मी येईपर्यंत कुणी घाव घालायचा नाही. पाटी मी सोडवीन. काठ कुठवर खाली न्यायचा ते खडूने आखून ठेव. बोटभर जरी वर राहिला तर तुला उन्हात उभी करून पुन्हा तोडायला लावीन.

राग गेलेला नाही. आशीर्वाद आहेतच.

माणिककाका