लूडेकेच्या विधवेला खांदा कोणी द्यायचा

देवबापाला स्मरून मी, मेख्टिल्ड, पिंपे बनवणारा कारागीर लूडेके याची विधवा, राहणार मासळी चौक, ग्रेवेनहाफेन, माझे शेवटचे म्हणणे सांगते. पाय सुजले आहेत, पाठ अंथरुणाला लागली आहे. पण डोके ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. आमच्या चर्चचे फादर योर्डान लिहून घेत आहेत. शहराच्या कायद्याप्रमाणे नगरसभेचे दोन सभासद साक्षीला बसले आहेत. एक, जुन्या व्यापारी घराण्यातले टीडेमान. दुसरा, पिंपकरी संघाचा प्रमुख हेनिंग, म्हणजे माझा धाकटा दीर. आज साक्षीला बसायची पाळी वेगळ्याच सभासदाची होती, ती हेनिंगने मागून घेतली. मला मूलबाळ नाही, तेव्हा घर आपल्या मुलालाच मिळणार या खात्रीने तो फरचा झगा घालून आला आहे.

किरकोळ आधी उरकते. लूडेकेचे रंधे, वाकस आणि हातोडे, संघाने ज्यांना कधी दारात उभे केले नाही अशा मजुरांना द्यावेत. संघातल्या कोणी त्यांना हात लावू नये. लोकरी शाल हेनिंगच्या बायकोला. तिने मला कधी दुखावले नाही, आणि त्या घरात तिला दुसरी ऊब मिळायची नाही.

आता घर. त्याआधी ते असे का देते आहे, तेही लिहिले जावे.

वीस वर्षांपूर्वी नगरसभेत फक्त व्यापारी घराणी बसत. पावाचे वजन ते ठरवत, बिअरचा भाव ते ठरवत. एका वर्षी त्यांनी हेरिंग मासळीच्या पिंपाचे माप वाढवले आणि आमची मजुरी तेवढीच ठेवली. लूडेके चौकात उभा राहून म्हणाला, सभेत कारागीरही बसले पाहिजेत. हेनिंग त्याच्या शेजारी उभा राहून त्याच्याहून मोठ्याने ओरडत होता. लूडेकेला पकडले आणि या खिडकीसमोर त्याचे डोके उडवले. हेनिंगला त्या दिवशी ताप होता म्हणे.

संघातला कारागीर मेला की सहा जणांनी खांदा द्यायचा, ही जुनी रीत. लूडेकेसाठी एकही आला नाही. शिक्षा देणाऱ्या जल्लादाची मुलगी गेझे, तिनेच त्याला हातगाडीवरून दारात आणले, धुतले आणि मान शिवून दिली. जल्लादाच्या माणसाला कोणी शिवत नाही, तरी मी सगळ्यांदेखत तिचा हात धरला. त्या दिवसापासून संघातले कोणी माझ्या घरचे पाणी पीत नाही.

पुढे लूडेकेचे नाव घेत घेतच कारागिरांनी सभेत जागा मिळवल्या. हेनिंग खुर्चीत बसला. पिंपाचे माप तेच राहिले. विधवेने वर्षभरापुढे कारखाना चालवू नये, हा नियम मात्र लगेच झाला. माझा कारखाना बंद पडला आणि माझे कामगार हेनिंगच्या मुलाकडे गेले. याची आग माझ्या पोटात अजून आहे.

इथे हेनिंग म्हणाला, "वहिनी, असलं काही मृत्युपत्रात लिहीत नाहीत."

"मरतंय कोण, भावजी? मी ना? मग गप बसा. फादर, हेही लिहा."

तर घर मी चर्चला देते. अट एकच: गेझेने मरेपर्यंत त्यात राहावे आणि चौकाकडच्या दारानेच ये-जा करावी. बाप गेल्यावर नगरसभेने तिला जल्लादाच्या घरातून बाहेर काढले. सध्या ती वेशीबाहेर एका गोठ्यात झोपते. जल्लादाच्या माणसाला गावात घर घेता येत नाही, पण चर्चच्या घरात नगरसभेचे काही चालत नाही. फादरांच्या दयेवर माझा फारसा भरवसा नाही, चर्चसाठी घरे जमवायच्या त्यांच्या हौसेवर पूर्ण आहे.

"जल्लादाची पोरगी! ऐन चौकात, नगरसभेच्या दारासमोर!" हेनिंग उठून उभा राहिला. "लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

टीडेमान हसले. "बसा हो. तुमच्याच घरातलं आहे, आम्ही काय बोलणार?"

शेवटी माझ्या देहाविषयी. गेझेने मला आंघोळ घालावी, कफन शिवावे, पेटीत ठेवावे आणि झाकण तिनेच ठोकावे. नंतर संघाने मला न्यावे. लूडेकेच्या वेळची लाज झाकायला हेनिंगने जुनी रीत कडक केली आहे: कारागिराला किंवा त्याच्या विधवेला सहा जणांनी उचलायचे, प्रमुखाने पुढे राहायचे, जो टाळेल तो संघातून बाद. दुसरा नियमही त्याचाच: जल्लादाच्या माणसाचा हात लागलेल्या वस्तूला जो शिवेल, तोही बाद. दोन्हींवर त्याची मोहोर आहे. नियम बदलायला संघाची बैठक लागते आणि ती नाताळानंतर. मी तोवर थांबत नाही.

भावजी, या वेळी ताप आला तरी चालणार नाही.

ठिकाण ग्रेवेनहाफेन. नोव्हेंबरातल्या संत मार्टिनच्या सणाची आदली संध्याकाळ, इसवी सन १३९४.

मेख्टिल्ड, हिच्या हातची खूण: ✕

लिहून घेणार: फादर योर्डान.

साक्षीदार: टीडेमान. मोहोर लावली.

साक्षीदार: हेनिंग. मोहोर लावण्यापूर्वी यांनी "वहिनी, पाया पडतो, झाकण तरी दुसऱ्या कोणाला ठोकू द्या" अशी विनंती केली. बाईंनी ती नामंजूर केली. मोहोर लावली.