एकाचं बटण

२ नोव्हेंबर १९८७, सकाळी ७.१०
कॉम्प्युटर आला. रोजनिशी आजपासूनच सुरू, म्हणजे पुढे कोणी विचारलं की नगराळे सर, तुम्ही हे सगळं कसं जमवलं, तर तारखेनिशी सांगता येईल.

मॉनिटर वेगळा मिळत नाही म्हणून घरचा टीव्ही इन्स्टिट्यूटमध्ये आणला. बायको कौसल्या म्हणाली, माझा टीव्ही काहून नेता जी. तो आता टीव्ही नाही, मॉनिटर आहे, हे तिला समजावलं. समजली नाही.

परिस्थिती अशी. जरीपटक्यात बावीस वर्षं माझी टायपिंग इन्स्टिट्यूट. चौदा मशीन. एके काळी तीन शिफ्ट, दीडशे पोरं. आता एकोणीस. लोकांना मेहनत नको आहे. सगळे सीताबर्डीला कॉम्प्युटर क्लासला पळून राहिले. रोजगार योजनेची तीस मुलींची बॅच निघाली आहे, पण ती कॉम्प्युटर शिकवणाऱ्यालाच मिळणार. पाहणीला येणारे साहेब देवराव चहांदे. माझाच विद्यार्थी, १९७१ ची बॅच. येणार १८ डिसेंबरला. बॅच मिळाली तर इन्स्टिट्यूट वाचली. नाही मिळाली तर मार्चनंतर शटर.

मिळणारच. संकल्प: आठ दिवसांत बेसिक, म्हणजे कॉम्प्युटरची भाषा, पूर्ण. पुस्तक २१२ पानं. रोज सत्तावीस पानं.

६ नोव्हेंबर
पान नऊ. अक्षर फार बारीक आहे. लाइटही जाऊन राहिली.

पण मशीनवर माझं नाव उमटलं. आनंदराव नगराळे, टीव्हीवर, हिरव्या रंगात. कौसल्याला मुद्दाम बोलावून दाखवलं. तिनं पाहिलं आणि म्हणाली, नाव तर बाहेर पाटीवरबी हाय ना जी.

११ नोव्हेंबर
माझा पहिला प्रोग्राम! मशीन विचारते, शब्द किती? माणूस सांगतो. मशीन विचारते, मिनिटं किती? माणूस सांगतो. मशीन भागाकार करते आणि स्पीड सांगते, खाली पास की नापास. सहा ओळींचा आहे. चहांदे साहेब पाहतच राहतील.

शामलाला दाखवला. ही माझीच विद्यार्थिनी, आता दुपारची शिफ्ट घेते. चांगला आहे म्हणाली. मग पुस्तक घरी नेऊ का म्हणाली. नेऊ दिलं. तिला काय कळणार आहे.

१२ नोव्हेंबर
पहिला प्रयोग कवडूवर. कवडू कोर्टात चपराशी, वय एक्केचाळीस. तीसच्या स्पीडची परीक्षा पास झाला की क्लार्क. दोनदा नापास. पण माणूस चिवट, ड्युटी करून सायकलनं येतो.

त्यानं दहा मिनिटं टाइपरायटरवर टाइप केलं, तीनशे शब्द झाले. कॉम्प्युटरसमोर बसवला. तीनशे मारले. मशीन म्हणते, रिडू फ्रॉम स्टार्ट. परत मारले. परत तेच. तिसऱ्यांदा कवडू हात जोडून उभाच राहिला. म्हणाला, सर, हे मले ओळखून राहिलं.

मग मी स्वतः बसलो. मलाही रिडू फ्रॉम स्टार्ट. बावीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला पहिल्यापासून सुरू कर म्हणते. मशीन खराब निघाली. दुकानदाराला कडक पत्र टाइप केलं.

१४ नोव्हेंबर
शामलानं माझ्या बोटांकडे पाहिलं आणि दोष काढला. दोष मशीनचाच आहे, ती फक्त वेगळ्या शब्दांत सांगते.

गोष्ट अशी की आमची टाइपरायटर मशीन जुनी, सरकारी लिलावातली. त्यावर आकडे दोन ते नऊ. एकाचं बटणच नाही, शून्याचंही नाही. एकासाठी एल मारायचा, शून्यासाठी ओ. कागदावर कोणाच्या बापाला फरक कळत नाही. तेराशे पोरांना मी हेच शिकवलं, आणि ते आज नागपूरच्या प्रत्येक ऑफिसात बसले आहेत. कॉम्प्युटरवर एक आणि शून्य वेगळे आहेत. तिथे ओ मारला की तो शून्य होत नाही, ओच राहतो.

मी म्हटलं, मग मशीनला शिकव, की नगराळे सरांकडे ओ म्हणजे शून्य. शामला म्हणाली, "सर, ते मशीन आहे जी. त्याले जे दिसते तेच वाचते."

ठीक आहे. भिंतीवर सूचना लावली: एकासाठी एल मारू नये.

१६ नोव्हेंबर
सूचना काढली. एकाचं बटण शोधायला कवडू खाली वाकून पाहायला लागला. माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये १९६५ पासून कोणी बटणांकडे पाहिलेलं नाही. त्याला पाच मिनिटं बाहेर उभा केला. नंतर मी स्वतः प्रयत्न केला, न पाहता. सात वेळा एलच लागला. बोटं शिस्तीची आहेत, त्यांचा काय दोष.

१९ नोव्हेंबर, दुपार
सापडलं. पान ८८. शामलानं पुस्तक परत केलं तेव्हा तिथे कागदाची खूण होती, पण उघडलं मीच.

आकडा आकडा म्हणून घ्यायचाच नाही. जे काय मारलं ते मजकूर म्हणून मुकाट्यानं घ्यायचं आणि मग व्हॅल नावाच्या आज्ञेनं त्याचा आकडा करायचा. तीनशे ओ लावून मारले. मशीन गप्प. दहा मारले, एल आणि ओ. गप्प. रागाच्या भरात 'गाढव' मारलं. तरी गप्प, घेतलं! रिडू नाही, फ्रॉम नाही, स्टार्ट नाही. याला म्हणतात सुरक्षित प्रोग्राम.

सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले.

२० नोव्हेंबर
किरकोळ अडचण. दहा मिनिटं मारली की मशीन त्याचं शून्य करते. आणि शून्यानं भागता येत नाही म्हणून बंद पडते. एक ओळ वाढवली: मिनिटं शून्य आली तर एक समजावं. चालू झालं. शामला काही तरी बोलणार होती. मी कामात होतो.

२४ नोव्हेंबर
एकोणीसच्या एकोणीस जणांची टेस्ट घेतली. एकदाही एरर नाही. एकदाही!

पहिले मी बसलो. सातशे वीस शब्द, दहा मिनिटं. स्पीड बहात्तर. बरोब्बर. माझा स्पीड बहात्तरच आहे, सर्टिफिकेट भिंतीवर आहे. म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे, हे सिद्ध झालं.

बाकीच्यांचे निकाल धक्कादायक. कोणाचा चार, कोणाचा दोन. कवडूचा तीन. मिनिटाला तीन शब्द! हातानं हिशेब केला की तीस येत होते. पण हात माणसाचा आहे आणि माणूस दया करतो. मला कवडूबद्दल आधीपासून शंका होतीच.

 कवडू उठून सायकल घेऊन गेला.

२५ नोव्हेंबर
शामलाशी वाद. ती म्हणते, आकड्यात अक्षर आलं की व्हॅल तिथेच थांबते आणि पुढचं सोडून देते. तीनशेतले दोन्ही ओ सोडले, राहिले तीन. दहाची सुरुवातच एलनं, म्हणून काहीच राहिलं नाही, शून्य. त्याचा मी एक केला. तीन भागिले एक, तीन. मी म्हटलं, मग माझे बहात्तर कसे बरोबर आले? तर म्हणते, "सर, तुमच्या दोन चुका मिळून बरोबर आलं."

एवढी वर्षं शिकवलं, त्याचं हे फळ. तरी मी काही बोललो नाही. फक्त म्हटलं, तुले लय समजते वं. आणि फिरायला गेलो. चौकापर्यंत. थंडी होती म्हणून परत आलो.

३ डिसेंबर
कवडू आठ दिवस झाले आला नाही. ड्युटी असेल.

८ डिसेंबर
शामलानं स्वतःचा प्रोग्राम करून आणला. कोणी एल मारला की मशीन म्हणते, कृपया आकड्यात लिहा, आणि वाट पाहत बसते. परत चुकला, परत म्हणते. बरोबर आकडा येईपर्यंत पुढे जातच नाही.

मी काढायला लावला. साहेब येणार. तीस मुलींचा प्रश्न. आणि मशीन त्यांना म्हणणार की तुमचं चुकलं? तेही चारचौघांत? माझा प्रोग्राम कोणाला टोकत नाही. शामलानं प्रोग्रामची कॅसेट पर्समध्ये ठेवली. तिचं तोंड उतरलं. वाईट वाटलं, पण संचालक मी आहे.

११ डिसेंबर
कवडू भाजीबाजारात भेटला. मेथी घेऊन राहिला होता. विचारलं, काहून येत नाही गा? म्हणाला, परीक्षेचा फॉर्म वापस घेतला जी. मी म्हटलं, वेडा आहेस का, दोनदा थोडक्यात गेला, यंदा झालं असतं. तो म्हणाला, "सर, तुमी दोन वर्षं मले हिंमत दिली. पण मशीननं खरं सांगून टाकलं. मी तीनचा माणूस आहो."

मी काही तरी म्हणणार होतो. मेथीवाली मध्ये बोलली.

घरी आलो तर जेवण गेलं नाही. कौसल्यानं विचारलं, का झालं? मी म्हटलं, पित्त. पित्त नाही. कवडूचा हात मी स्वतः घडवला होता, बोट न् बोट.

उद्या त्याच्या घरी जाऊन सांगायचं.

१२ डिसेंबर
गेलो नाही. साहेबांच्या स्वागताची तयारी. अठरानंतर जाऊ.

१८ डिसेंबर, संध्याकाळी ६
साहेब आले. जीपमधून उतरून पहिले जय भीम केला, मग वाकून पाया पडले. सर्वांसमोर. डोळ्यात पाणी आलं. मी नाकात काही गेल्यासारखं केलं.

कॉम्प्युटरकडे जायच्या आधी आपल्या जुन्या मशीनवर बसले, खिडकीजवळच्या. म्हणाले, सर, घड्याळ लावा. दहा मिनिटं टाइप केलं. एकदाही खाली पाहिलं नाही. पाठ ताठ, मनगट वर. मी लाल पेन्सिलनं तपासलं. पाचशे दहा शब्द, चूक शून्य. सोळा वर्षांनंतर एक्कावन्न स्पीड! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, बॅच मिळाली.

मग साहेब म्हणाले, आता तुमच्या कॉम्प्युटरले विचारू. बसले. टीव्हीकडे पाहत, हाताकडे न पाहता, मी शिकवलं तसंच. शब्द टाकले. मिनिटं टाकली. मशीननं एकदाही अडवलं नाही. पडद्यावर आलं: स्पीड पाच. नापास.

 शामला पुढे आली. मी तिच्याकडे पाहिलं, ती थांबली. साहेबांनी हळूच विचारलं, सर, माझं काही चुकलं का? मी म्हटलं, नाही साहेब, मशीन बरोबर आहे. मोठ्या पदावर गेल्यावर सराव सुटतो.

साहेब हसले. पण चांगलं हसले नाहीत. पडद्यावर त्यांना आपलेच एल आणि ओ दिसले बहुतेक, कारण एक बोट एलवर ठेवून म्हणाले, "सर, माझा एक जरी एल वाकडा पडला तर तुमी अख्खा कागद मले पुन्हा टाइप करायले लावत होते. म्हणून मी आज या खुर्चीवर हाव. या मशीनले तेवढं तरी काहून नाही शिकवलं?"

चहा घेतला नाही. घाईत होते.

१९ डिसेंबर
एकंदरीत पाहणी चांगली झाली. साहेब पाया पडले, हे महत्त्वाचं. कवडूकडे गेलो. घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, सासुरवाडीला गेला, नरखेडकडे, संत्र्याच्या तोडीला. फॉर्मची तारीख परवाच संपली.

२३ डिसेंबर
तीस खुर्च्या सांगून ठेवल्या. कौसल्या टीव्ही कधी आणता विचारते. मी म्हटलं, बॅच आली की नवीनच घेऊ. ती म्हणाली, आधी बॅच येऊ द्या जी, मंग बोलू.

शामला आज म्हणाली, सर, चिठ्ठी लिहून साहेबांना खरं सांगा, एवढ्यानं होईल. लिहायला बसलो. प्रिय देवराव, एवढं झालं. पुढे सुचलं नाही.

२९ डिसेंबर, दुपारी ४
रोजगार ऑफिसचं पत्र आलं. बॅच सीताबर्डीच्या क्लासला दिली. आपल्या संस्थेचे आभार.

आधी चूक शोधली. सरकारी पत्रात चूक असली तर ते परत पाठवता येतं, फाइल पुन्हा फिरते, दहा-पंधरा दिवस मिळतात. लाल पेन्सिल घेऊन बसलो. अकरा ओळी. मार्जिन दहावर. पूर्णविरामानंतर दोन जागा. परिच्छेद पाच जागा आत. एकही अक्षर वरखाली नाही, एकही खाडाखोड नाही, तारखेतला एकसुद्धा एलनंच. असा कागद नागपुरात एकाच ठिकाणी शिकवतात. खाली कोपऱ्यात टायपिस्टची आद्याक्षरं होती. रजिस्टर काढून पाहिलं. १९७९ ची बॅच, आमच्या गल्लीतल्या रुखमाबाईंची मुलगी. चांगली पोर होती. चुकली की रडायची. मी पुन्हा टाइप करायला लावायचो.

शामलानं विचारलं, काय आलं सर? तिला सांगितलं, विचार चालू आहे त्यांचा.

दोनदा तपासलं. चूक नाही. आता उजेड कमी झाला. उद्या सकाळी, खिडकीपाशी, परत एकदा तपासायचं.