दाढेचे अश्रू आणि साडेसातशे वॉट

तीर्थस्वरूप ताईस धाकट्या भावाचा वाकून नमस्कार.

आम्ही सगळे इकडे धडधाकट आहोत. तुझ्या डोळ्याची पट्टी मंगळवारी निघणार असं कळलं, तोवर हे पत्र दाजीच वाचून दाखवतील हे गृहीत धरलं आहे. (दाजी, नमस्कार. कंसातला मजकूर कृपया मनातल्या मनात वाचावा. धाकट्या भावाबद्दल तिचं जे बरं मत आहे ते एवढ्यात मोडायला नको.) डोळ्यांत थेंब घालायचे चुकवू नकोस आणि पट्टीच्या फटीतून वर्तमानपत्र वाचायचा प्रयत्न करू नकोस. तू तो करत असशीलच.

पत्रास कारण घडलं ते सूनबाईच्या कॉम्प्युटरचं. तुला ठाऊकच आहे, तिने स्टुडिओतली कायमची नोकरी सोडली आणि घरीच हलती चित्रं बनवायचं ठरवलं, तेव्हा मी तीन दिवस तिच्याशी बोललो नव्हतो. (चौथ्या दिवशी बोललो तेही ‘मीठ दे’ एवढंच.) चिरंजीव जहाजावर, म्हणजे सहा महिने फोनच्या काचेत दिसण्यापुरते. पण पोरीने हिमतीने एक काम मिळवलं. मुलांच्या दातांच्या दवाखान्यासाठी तीन मिनिटांची फिल्म. नायिका एक दाढ. तिला कीड लागते, ती रडते, मग ब्रश येतो आणि सगळं गोड होतं. मी ती दाढ पाहिली आणि ताई, खरं सांगतो, इतका बोलका चेहरा मी आमच्या ऑफिसात चौतीस वर्षांत पाहिला नाही.

जुन्या कॉम्प्युटरला ही दाढ पेलेना, म्हणून तिने एकेक भाग आणून नवा जुळवायला घेतला. राहता राहिला पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या प्रत्येक भागाला हवी तेवढी वाढणारा लोखंडी डबा. हे ऐकल्याबरोबर माझी मान ताठ झाली. वीज खात्याच्या मीटर तपासणी विभागात ज्याने उभा जन्म काढला, त्याच्या घरात वीजपुरवठ्याचा प्रश्न दुसरं कोण सोडवणार? मी कागद घेतला, प्रत्येक भागाचे वॉट मांडले, बेरीज केली, चारशेच्या आत आली. सूनबाई हळूच म्हणाली, “बाबा, थोडं जास्त ठेवू या. आणि चांगल्या कंपनीचा घेऊ.” मी म्हटलं, “तू दाढेकडे बघ. हा माझ्याकडून.” (त्या तीन दिवसांची माफी मला दुसऱ्या कुठल्या भाषेत मागता येत नव्हती.)

दुकानदार गोड बोलणारा. त्याने दोन डबे पुढे ठेवले, दोन्हींवर साडेसातशे वॉट छापलेले, एकाची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट. मी विचारलं, फरक काय? तो म्हणाला, “काका, तुम्ही जाणकार, तुम्हीच उचलून बघा.” इथे मी फसलो. आमच्या तपासणी विभागात जुना नियम होता की ज्यात तांबं जास्त ते वजनाला भारी, आणि जे भारी ते टिकाऊ. मी त्याच्या पार्सलच्या काट्यावर दोन्ही चढवले, तर स्वस्त डबा पावशेराने जास्त भरला! इतका आनंद मला पेन्शन सुरू झाल्यावरही झाला नव्हता. तो डबा पोटाशी धरून तीन जिने चढलो. तुझी वहिनी म्हणाली, “लिफ्ट चालू आहे की.” पण काही गोष्टी लिफ्टने आणायच्या नसतात.

कॉम्प्युटर सुरू झाला, सगळे दिवे लागले, मी टाळ्या वाजवल्या. दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी दाढ रडायला लागली आणि कॉम्प्युटर फट्कन बंद! पुन्हा लावला, पुन्हा बंद. दाढ हसत असली की चालायचा, ब्रश नाचत असला की चालायचा, डोळ्यांत पाणी आलं रे आलं की अंधार. सूनबाईने मला समजावलं की पाण्याच्या थेंबातून पलीकडचं दिसायला हवं, त्यातून उजेड वाकायला हवा, आणि असं एकेक चित्र रंगवताना यंत्राला फार जोर लागतो. असे सेकंदाला चोवीस. मला पटलं. पण जोर लागतो म्हणून दोष माझ्या डब्याचा असेल हे मात्र डोक्यात शिरलं नाही. मी भिंतीवर संशय घेतला. सॉकेट बदललं. एक्स्टेन्शन बोर्ड बदलला. अर्थिंग तपासलं. मग फ्रीजवर आळ घेतला आणि तो दिवसभर बंद ठेवायचा हुकूम काढला. दूध नासलं, तुझी वहिनी माझ्याशी बोलेनाशी झाली, आणि दाढेचं रडणं काही पुरं होईना. फिल्म सोमवारी द्यायची होती. आणि एव्हाना गुरुवार उजाडला होता.

या सगळ्या दिवसांत सूनबाई एका शब्दाने कुरकुरली नाही. ती एकेक अश्रू वेगळा करून रंगवत बसली. दहा चित्रं झाली की थांबायची, यंत्र निवू द्यायची, पुन्हा दहा. सकाळी बसलेली संध्याकाळी उठायची तेव्हा गालावरून थेंब दोन बोटं सरकलेला असायचा. मी चहा नेऊन ठेवायचो आणि “व्होल्टेज कमी असेल गं” असं काहीबाही पुटपुटून परत यायचो. तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघायचा धीर होत नव्हता.

शुक्रवारी ती फिल्मच्या कामासाठी त्या दातांच्या दवाखान्यात गेली असताना मी तो डबा बाहेर काढला. वायर काढून तासभर थांबलो (कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून बसते, कुणी घरी उघडायच्या फंदात पडू नये), मग जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरून स्क्रू सोडवले. ताई, आत होती शिवणाच्या दोऱ्याएवढी वायर, काडेपेटीएवढा ट्रान्सफॉर्मर, आणि तळाशी चिकटवलेली एक लोखंडी पट्टी. ती कशालाही जोडलेली नव्हती. तिचं काम एकच, वजन वाढवणं. लोकांनी मीटरमध्ये लपवलेले लोहचुंबक मी चौतीस वर्षं हुडकून काढले, आणि मला एका पट्टीने टोपी घातली.

ती परत आली तेव्हा सगळं तसंच पसरलेलं होतं. लपवायला वेळ होता, पण लपवावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, “पोरी, दोष भिंतीचा नव्हता. माझा होता.”

ती पट्टी हातात घेऊन म्हणाली, “बाबा, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, साडेसातशे फक्त क्षणभर.”

“मग बोलली का नाहीस?”

“कशी बोलणार? तुम्ही तो पोटाशी धरून जिने चढलात. घाम पुसायच्या आधी हातात ठेवलात.” तिने पट्टी टेबलावर ठेवली. “मला आजवर सगळ्यांनी कपडे दिले, भांडी दिली. माझ्या कामाची वस्तू कुणी दिली नव्हती. ती मी दुसऱ्या दिवशी काढून कशी टाकू?”

मी चष्मा पुसत बसलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तुझ्या वहिनीचा आवाज आला, “मग आता फ्रीज लावू का?” आणि आम्ही दोघं असे हसलो की शेजारीण दार उघडून बघून गेली.

शनिवारी आम्ही दोघं मिळून दुसऱ्या दुकानात गेलो. तिथे मी काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने एकच विचारलं, “सतत किती वॉट देतो?” आणि साडेसहाशेचा, दहा वर्षांच्या हमीचा डबा घेतला. (स्वस्त दुकानदाराकडेही गेलो होतो. पट्टी दाखवली तर म्हणतो, “काका, म्हणूनच तर मजबूत आहे!”) दुपारी बसवला. दाढ एका दमात चार तास रडली आणि मी शेजारी खुर्ची टाकून शेवटच्या थेंबापर्यंत बघत बसलो. फिल्म सोमवारी वेळेवर गेली.

दाजींना नमस्कार, तुला पुन्हा एकदा नमस्कार. प्रकृतीस जपावे.

तुझा,
धाकटा

ता.क. १ : दवाखान्यातून निरोप आला. दाढ फार आवडली. फक्त तिचं रडणं काढून टाका म्हणतात, मुलं घाबरतील. सूनबाईने तो प्रसंग कापला, पण ते अश्रू मला एका पेन ड्राइव्हवर वेगळे भरून दिले आहेत.

ता.क. २ : आता मुख्य गोष्ट. दाजी बुद्धिबळासाठी कॉम्प्युटर जुळवताहेत हे मला आठवत होतं, आणि त्या गोड दुकानदाराकडे एकावर दुसरा निम्म्या किमतीत होता. तर तो दुसरा मी त्याच दिवशी तुमच्या पत्त्यावर मालगाडीने, स्वस्तातल्या भाड्याने, धाडला आहे. पोचला नसेल तर आल्या पावली परत पाठवा. पोचला असेल तर उघडू नका. दाजींनी हौसेने बसवला असेल तर पुढचं वाक्य वाचायच्या आधी भिंतीवरचं बटण बंद करा.

केलंत? रविवारी सूनबाई चांगला डबा घेऊन स्वतः येते आहे. हे फोनवर सांगता आलं असतं, कळतं मला. चार वेळा केलाही. पण चारही वेळा तू इतक्या कौतुकाने म्हणालीस, “हे रोज दारात उभे असतात, तू काय पाठवलंयस ते बघायला,” की मी तिकडच्या हवापाण्याची चौकशी करून फोन ठेवला.