दात खातो ते जंतांमुळं नाय

सुरत, मंगळवार

माय, तुझ्या पायावर मुंजाबाचा माथा. मी खुशाल आहे. तुझा गुडघा कसा आहे?

तू जंतांवर धाडलेली वावडिंगं महिनाभर चावली, तरी झोपेत दात खायचं थांबलं नाय. खोलीतले पोरं म्हणतात, "मुंजाबा, दळण झालं का? पीठ दे." दाढा लई ठणकल्या म्हणून दवाखान्यात गेलो. दाताची डाक्टरीण म्हणली, "जंत नाहीत रे. मनाला ताण आहे. दिवसासुद्धा तू दात आवळून असतोस."

तिनं झोपताना दातावर बसवायची पट्टी दिली. जबडा गरम फडक्यानं शेकायचा, सुपारी बंद. ओठ मिटलेले, पण दात सुटे ठेवायचे. आता दुखणं कमी आहे.

पण कारखान्यात कापडाच्या मागावर उभं राहिलं की ध्यान राहत नाय. मग हर्सूलच्या तळ्यावरून मेंढरं वळवताना बा देतो ती हाळी हळूच देतो, "हुर्रऽ हाऽ". दात दाबून ती निघतच नाय. मागाच्या खडखडाटात कुणाला ऐकू जात नाय, मला मात्र तळ्याकाठचा वास येतो. यंदा कोकरं किती झाली?

डाक्टरीणबाईनं विचारलं, "ताण कसला?" मी म्हणलं, "कसला नाय." तुला खरं सांगतो. निघताना मी बाला म्हणलो होतो, "विकून टाक ती मेंढरं, मी परत राखायचा नाय." आता बा गिऱ्हाईक बघतोय, असं रामकिसनमामानं कळवलं. बाला सांग, मी ते बोलणं मागं घेतलं. दसऱ्याला येतो, तोवर एकबी मेंढरू देऊ नको म्हणावं.

तुझं लेकरू,
मुंजाबा