पुडिंगची निर्दोष सुटका

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग आणि दोन्ही हात साबणाने धुऊन केलेला नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भावजींचा खोकला, बाल्कनीतली रोपं आणि तुझं पोट ठीक आहे ना? (शेवटची चौकशी उगाच केलेली नाही, पण तिच्याकडे मागाहून येतो.) इकडे सर्व आता क्षेम आहे. 'आता' हा शब्द मुद्दाम घातला आहे.

रविवारी तू माझ्या हातचं जेवून, चॉकलेट पुडिंगचा डबा पिशवीत टाकून निघालीस आणि तासाभराने लेक-जावई नातवासह मुक्कामाला आले. निवृत्तीनंतर स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलं, त्यानंतरची ही पहिलीच मोठी पंगत. पुडिंग सगळ्यांनी मागून मागून घेतलं. त्याच रात्री नातवाला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि मंगळवारपर्यंत लेक, जावई, तुझी भावजय आणि खुद्द आचारी असे सगळे एकाच संडासाच्या दारात उभे. (जावई अजूनही 'आधी तुम्ही' म्हणत होते. इतका सभ्य माणूस मी पाहिला नाही, आणि त्या सभ्यतेची इतकी किंमत मोजणाराही.) तुझ्या भावजयीने भिंतीला धरून निकाल दिला, "तुमच्या पुडिंगने घर आडवं केलं. तसं ठरलं तर तो ॲप्रन काढून माझ्याकडे द्यायचा." ताई, त्या ॲप्रनवर माझा किती जीव आहे ते तुला सांगायला नको.

डॉक्टरीणबाईंनी नातवाला तपासलं, मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटाने पाजायला सांगितलं आणि म्हणाल्या, विषाणूचा प्रकार वाटतो, शौचाची झटपट तपासणी करून घ्या, तिथल्या तिथे कळेल. विषाणू निघाला तर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, ते उगाच द्यायला नको. वाटाण्याएवढा नमुना पुरे. आता आपल्या घरात वाटाण्याएवढं काही कुणाला दिल्याचं तुला आठवतं का? लेकीने माझा पुडिंगचा छोटा डबा घेतला आणि काठोकाठ भरला. मी तशाच दुसऱ्या डब्यात फ्रीजमधलं उरलेलं पुडिंग घातलं. म्हटलं, जातोच आहे तर आरोपीलाही तपासून आणू. दोन्ही डबे एका पिशवीत.

प्रयोगशाळेतल्या बाईंना सडकून सर्दी झालेली, वर मास्क. मी पिशवी दिली, माझं पुडिंगचं बोलणं सुरू व्हायच्या आत त्या आत गेल्या. काडीने कणभर घेऊन द्रावणात ढवळलं, थेंब पट्टीवर सोडले. नियम सोपा आहे. एक रेघ उमटली तर पट्टी नीट चालते आहे एवढंच, दुसरी उमटली तर विषाणू सापडला. मी काचेला नाक लावून दुसऱ्या रेघेची वाट पाहत होतो (लेकीच्या दहावीच्या निकालालाही एवढा घामाघूम झालो नव्हतो). एकच रेघ! बाई म्हणाल्या, "विषाणू नाही काका. मुलगा बराच सुधारलेला दिसतो, नमुना छान घट्ट आहे."

घट्ट? माझ्या डोळ्यांपुढून ॲप्रन उडत गेला, आणि मागोमाग डोक्यात प्रकाश पडला. "बाई, ते माझं पुडिंग आहे!" त्यांनी डबा पाहिला, मला पाहिलं आणि मास्कच्या आत काहीतरी म्हणाल्या, ते मला ऐकू आलं नाही हे बरंच झालं. मग नवी पट्टी, दुसरा डबा. झरझर दोन ठळक रेघा! नोरोव्हायरस! मी तिथे अक्षरशः नाचलो. बाकावरचे पेशंट बाजूला सरकले. नातवाच्या पाळणाघरात फोन केला, तर तिथली निम्मी मुलं शनिवारपासून आडवी.

पुडिंगवर एकच रेघ, असा कागद द्या म्हटलं, तर बाई म्हणाल्या, ही पट्टी पुडिंगसाठी नसते, तिने काही सिद्ध होत नाही, आणि ते डबे घरी नेऊन वापरू नका. नातू आता पलंगावरून उड्या मारतो आहे आणि घरात दर घटकेला कुणीतरी कुणालातरी हात धुवायला पिटाळतं आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. – तुझी भावजय म्हणते, विषाणू खरा, पण पुडिंगचाही हात नव्हता कशावरून? तेव्हा नातवाचं तोंडही न पाहता पुडिंग खाल्लेली एकच साक्षीदार जगात आहे. डबा चाटूनपुसून खाल्ला आणि ठणठणीत आहे, असं तिला ताबडतोब लिही.

ता. क. दुसरा – खाल्लं नसलंस तरी लिही.

ता. क. तिसरा – वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून दोन ओळी. डबा बसमध्ये विसरल्याचं तुम्ही त्याच रात्री मला फोनवर सांगितलंत, ते मी यांच्याकडे बोललेले नाही. तरी तुम्ही खाल्लं म्हणून लिहाच. ॲप्रन परत घ्यायचा माझा मुळीच विचार नाही. लग्न झाल्यापासून आत्ता कुठे बसून गरम जेवते आहे. थोडा धाक असला की मीठ बेताचं पडतं, एवढंच.